दोन सुतांचा सांधा

आण्णा,

रविवारी शिरोळला तुमच्या घरी गेले होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. दारात मांडव, समोर टेबलावर बुद्धमूर्ती, आणि तिच्या खालच्या बाजूला तुमचा फोटो. तुम्हाला फोटो काढून घ्यायला कधीच आवडायचं नाही, त्यामुळे आधार कार्डावरचाच मोठा करून आणला होता. त्यात तुम्ही आमच्यावर वैतागल्यासारखे दिसता. वंदना झाली. मग एक गृहस्थ तुमच्याविषयी बोलले. जन्म कधीचा, शाळा कुठली, मुली कुठं दिल्या, हे सगळं त्यांनी नीट सांगितलं. कामाबद्दल एकच वाक्य बोलले, "कोल्हापूरला प्लास्टिकच्या कारखान्यात नोकरीला होते." माझ्या मागे बसलेल्या बाईनं शेजारणीला विचारलं, प्लास्टिकच्या म्हणजे बादल्या का काय? शेजारीण म्हणाली, असतील.

मी वळून सांगू शकले असते. नाही सांगितलं. सांगायचं तर कुठून सुरुवात करायची हाच प्रश्न होता. रेनकोटचा सांधा, पासबुकाचं कव्हर, ट्रॅक्टरच्या हूडला असते ती पारदर्शक खिडकी, यांना दोरा नसतो आणि चिकटवायला डिंकही नसतो. वरून पितळेचा साचा दाबायचा, त्यातून रेडिओच्या जातीच्या लहरी सोडायच्या, तीन-चार सेकंदांत प्लास्टिक आतल्या आत तापतं आणि दोन थरांचा एक होतो. तो पितळी साचा म्हणजे डाय. डाय तुम्ही करायचात. आणि प्लास्टिकच्या खाली, मशीनच्या धातूच्या पाटावर, एक तपकिरी जाड पुठ्ठा अंथरलेला असतो, वरून येणारा करंट थेट पाटात उडी मारू नये म्हणून. आम्ही सगळे त्याला नुसतं कागद म्हणायचो. डायवर जेवढं तुमचं लक्ष, तेवढंच त्या कागदावर. हे एवढं त्या बाईला सांगेपर्यंत जेवणाच्या पंक्ती बसल्या असत्या.

मी कामाला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. शाहूपुरीत दुकानांच्या मागे पत्र्याचं शेड, तीन मशिनी, एका कोपऱ्यात तुमचं बाकडं. मालकांनी मला तुमच्यासमोर आणून उभं केलं आणि ते गेले. तुम्ही कानस चालवत होतात. मान वर न करता म्हणालात, "बाई, हातातलं काढून ठेवा." मी हातातली पिशवी खाली ठेवली. तुम्ही म्हणालात, पिशवी नव्हे, बांगड्या. काचेच्या राहू देत, पितळेच्या काढा. मला राग आला होता. परक्या पुरुषानं बांगड्या काढायला सांगितल्या होत्या, आणि कारण सांगितलं नव्हतं.

कारण तुम्ही दाखवलंत. एक जुनी ट्यूबलाईट घेतलीत, तिला ना वायर ना पट्टी, आणि मशीन चालू असताना तिच्या जवळ नुसती धरलीत. ट्यूब तुमच्या हातात पेटली. मी दोन पावलं मागे सरले. "दिसत न्हाय, पर हाय," तुम्ही म्हणालात. "आता हात कुठं घालायचा न्हाय त्ये सांगतो." त्या दिवशी तुम्ही माझ्याशी एवढंच बोललात. शेजारच्या दुकानदाराच्या टीव्हीवर मुंग्या येतात म्हणून तो आपल्या मशीनच्या नावानं ओरडायचा, त्याचाही अर्थ मला त्या दिवशी कळला.

तुमचा स्वभाव कळायला मात्र वर्ष गेलं. तुमच्या शर्टाचा खिसा कायम निळा-काळा असायचा, कारण त्यात कार्बन पेपरचे तुकडे असायचे. डाय मशीनला लावली की तिच्याखाली पांढरा कागद आणि कार्बन ठेवून दाब द्यायचात आणि उमटलेली रेघ उजेडात धरून बघायचात. रेघ एखाद्या ठिकाणी फिकी आली की तिथं डाय कमी टेकते, गडद आली की तिथं जास्त. मग पुन्हा कानस, पुन्हा कार्बन. अर्धा दिवस त्यात जायचा. मालक अस्वस्थ होऊन फेऱ्या मारायचे. तुम्ही त्यांच्याकडे बघायचातही नाही.

आणि तो पाटावरचा कागद. नवा अंथरला की कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख टाकायचात. त्याच्यावर डाग दिसला की बदला, हा तुमचा नियम. एका मशीनवरच्या बाईनं एकदा जळक्या डागावर टेप चिकटवून काम पुढं चालू ठेवलं होतं, तेव्हा तुम्ही सगळ्यांना मशीन थांबवायला लावलीत. जळालेली जागा म्हणजे कोळसा, आणि कोळशातून करंट जातो, वरून टेप लावलात म्हणून खालचा कोळसा कुठं जात नाही, शिवाय टेपेच्या जाडीनं दाब बिघडतो तो वेगळाच. हे सगळं तुम्ही शांतपणे सांगितलंत. तेव्हा ऐकणाऱ्यांत मी सगळ्यात पुढं उभी होते.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. सांधा किती रुंद हवा. तुम्ही मिलिमीटर वापरायचाच नाहीत, सुतारासारखं सुतात बोलायचात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तुमचं म्हणणं, जिथं पाणी अडवायचं तिथं दोन सूत. माझं म्हणणं, एक सूत पुरे. एका सुताचा सांधा लवकर होतो, वेळ कमी लागतो, मशीनवर ताण कमी येतो, आणि दोन सुतांच्या डायला जेवढा माल निघतो त्याच्या दीडपट एका सुताला निघतो. तुम्ही म्हणायचात, माल निघतो आणि मग पाणी पण निघतं. मशीनवर मी बसायची, डाय तुम्ही करायचात, आणि दोघांनाही वाटायचं की खरं काम आपलंच.

मग महापूर आला. तुमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. बारा दिवसांनी तुम्ही कामावर आलात. भांडी गेली, धान्य गेलं, ते तुम्ही सांगितलं नाहीत, ते आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं. तुम्ही फक्त ट्रंकेबद्दल बोललात. ट्रंकेत मुलींचे शाळेचे दाखले होते, रेशनकार्ड होतं, आणि तुमच्या वडलांचं एक पत्र होतं, त्यांना लिहिता यायला लागल्यावर त्यांनी लिहिलेलं पहिलंच. सगळ्याचा मिळून एकच लगदा झाला होता. दाखले पुन्हा काढता येतील, तुम्ही म्हणालात. पत्राबद्दल पुढं काही बोलला नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही पाकिटाची डाय करायला घेतलीत. कागदपत्रं ठेवायचं जाड प्लास्टिकचं पाकीट, तीन बाजूंनी दोन सुतांचा सांधा, तोंड तीनदा दुमडून बंद करायचं. तुमच्याच भागातल्या एका संस्थेनं गावागावांत वाटायला अशी पाकिटं मालकांकडून मागवली होती, आणि मृगाच्या आत ती पोचायला हवी होती. एवढी रुंद पितळी पट्टी कोपऱ्यात वळवणं म्हणजे काय काम असतं ते मला नंतर कळलं. ती तापवून मऊ करायची, थोडी वळवायची, पुन्हा तापवायची. घाई केली तर बाहेरच्या बाजूनं चिरते. तुम्ही रविवारीसुद्धा येत होतात. महिना लागला. डाय झाली तेव्हा मालक पहिल्यांदा म्हणाले की आण्णा, ही तर दागिन्यासारखी झाली.

आता जे लिहायचं आहे ते वीस वर्षं लिहायचं राहिलं आहे.

पाकिटं निघायला लागून आठवडा झाला होता. पौर्णिमा होती, मालक नृसिंहवाडीला दर्शनाला गेले होते. नव्या कागदाचे ताव त्यांच्या कपाटात आणि किल्ली त्यांच्या कमरेला. तुम्ही सकाळी डायचा एक कोपरा जरा कानशीनं साफ केलात आणि अकराच्या सुमाराला पितळ बघायला बाहेर पडलात. जाताना मला म्हणालात, कागदाकडं बघ. तुम्ही गेल्यावर मी बघितलं. त्याच कोपऱ्याखाली कागदावर डाग होता. मोठा नव्हता. चहाचा थेंब सुकल्यावर राहतो तेवढा.

मशीन थांबवून मालकांची वाट बघायची, एवढंच करायचं होतं. ते चारपर्यंत आले असते. पण मला त्या दिवशीचा आकडा गाठायचा होता. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या मशीनवरच्या बाईपेक्षा मी मागं पडायला नको, बस, एवढंच मनात होतं. मी डागावर टेप लावली आणि मशीनच्या पेडलवर पाय दाबला.

दीड-दोन तास काही झालं नाही. मग फट् असा आवाज झाला आणि निळापांढरा उजेड पडला. मी हात मागे घेतला होता म्हणून वाचला. पितळ जळल्याचा वास शेडभर झाला. डाय वर उचलली तर कोपऱ्यात खड्डा पडला होता, करंगळीचं टोक बसेल एवढा, आणि त्याच्या भोवती पितळ वितळून पुन्हा गोठलेलं.

मी काय केलं ते सांगते. दुसऱ्या दोघी जेवायला बाहेर गेल्या होत्या. मी पाटावरचा कागद टेपेसकट काढला, दुमडला आणि बोळात घंटागाडी उभी होती तिच्यात नेऊन टाकला. परत येऊन हात धुतले. एवढं सगळं मी नीट, घाई न करता केलं. हे मला पुढं बऱ्याचदा आठवलं.

तुम्ही आणि मालक जवळजवळ एकाच वेळी आलात. मालकांनी डाय बघितली आणि ते खालीच बसले. मग त्यांनी तुम्हाला विचारलं, "सकाळी ह्याच कोपऱ्याला कानस लावली न्हवं?"

"लावली," तुम्ही म्हणालात.

"मग धार ऱ्हायली आसंल. कागदात घुसली."

तुम्ही खड्ड्याभोवती अंगठा फिरवलात. मग माझ्याकडे वळलात आणि विचारलंत, "कागद कुठं हाय?"

मी म्हणाले, जळाला होता, टाकला. तुम्ही म्हणालात, बघू. मी म्हणाले, घंटागाडीत गेला.

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. फार वेळ नाही. तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं. मग तुम्ही मालकांना म्हणालात की चार-पाच दिवस द्या, कोपरा कापून नवा बसवतो. मालक म्हणाले, चार दिवस कुठले, माल कधी पोचवायचा? दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या एका कारखान्यातून कॉम्प्युटरच्या मशीनवर नवी डाय करून घ्यायचं ठरवलं. एका सुताची. ती लवकर मिळणार होती, आणि माल लवकर निघणार होता. माझं म्हणणं जिंकलं होतं. तुम्ही बाकड्यावरची तुमची हत्यारं एका गोणपाटात बांधलीत, डबा घेतलात आणि एसटी स्टँडकडे गेलात. मालकांनी तुम्हाला काढलं नव्हतं. तुमच्यासाठी काम उरलेलं नव्हतं, आणि ते तुम्हाला सांगावं लागलं नाही.

पाकिटं वेळेत झाली. मालकांनी माझ्या नवऱ्याच्या टेम्पोतून शेवटची खेप शिरोळला पाठवली आणि मोजून द्यायला मला बरोबर धाडलं. शाळेच्या व्हरांड्यात वाटप होतं. मी उतरले तर तुम्ही पायरीवर बसलेले, समोर पाण्याची बादली. संस्थेच्या लोकांनी आदल्या आठवड्यात आलेली एका सुताच्या पाकिटांची पहिली खेप तुमच्याकडे दिली होती. तुम्ही एकेका पाकिटात वर्तमानपत्राचा तुकडा घालत होतात, तोंड दुमडून ते पाण्यात दाबून धरत होतात, आकडे मोजत होतात, मग बाहेर काढून तुकडा बोटानं चाचपत होतात. डाव्या हाताला चांगल्या पाकिटांची चळत होती. उजव्या हाताला गळक्यांचा ढीग होता, लहान, पण होता. प्रत्येक माणसाला तुम्ही दोन पाकिटं देत होतात आणि सांगत होतात, एकात एक घाला, आतल्याचं तोंड खाली, बाहेरच्याचं वर, म्हणजे पाणी एका वाटेनं आलं तरी दुसऱ्या वाटेवर अडेल.

ज्या मालामुळं तुमचं काम गेलं तो माल तुम्ही बादलीत तपासत बसला होतात. तुम्हाला कुणी पगार देत नव्हतं.

मला बघून तुम्ही कुणाला तरी चहा आणायला सांगितलंत. मग पुढचं पाकीट पाण्यात दाबून धरलंत आणि पाण्याकडेच बघत विचारलंत, "कागद बदलतीस न्हवं?"

"बदलते," मी म्हणाले.

"बरं," तुम्ही म्हणालात, आणि मोजायला लागलात.

तेव्हापासून मी त्या प्रश्नाचे दोन अर्थ लावत आले आहे. तुम्हाला कळलं होतं, हा एक. दुसरा असा की ओळखीच्या ऑपरेटरला तुम्ही सवयीनं विचारलंत, उद्या कुणालाही विचारलं असतंत तसं. त्या पावसाळ्यात पाणी पुन्हा तुमच्या दारापर्यंत आलं. आक्कांनी, तुमच्या मंडळींनी, नंतर सांगितलं की मुलींचे नवे दाखले दोन पाकिटांत घालून तुळईला बांधले होते आणि ते कोरडे राहिले. ते तुमच्या बादलीमुळं राहिले. माझ्या एका सुतामुळं नाही.

पाकिटांच्या त्या वाटपाहून परत आल्यावर सोमवारी मी मालकांना सगळं सांगितलं. टेप, डाग, घंटागाडी. मला वाटलं होतं ते मला काढून टाकतील. ते म्हणाले, आता बोलून काय करायचं. मी म्हणाले, आण्णांना बोलवा. ते म्हणाले, बघू. ते बघू दिवाळीपर्यंत चाललं. मग ट्रॅक्टरच्या हूडचं काम आलं, गोल खिडकीचं, आणि ती डाय ज्यांना करायला दिली त्यांच्याकडून दोनदा वाकडी आली. तेव्हा मालकांनी तुम्हाला निरोप धाडला. म्हणजे तुम्ही माझ्या बोलण्यामुळं परत आलात की त्या खिडकीमुळं, हे मला सांगता येत नाही. मालकांना मी विचारलं, आण्णांना खरं काय ते सांगितलंत का. ते म्हणाले, ते तुझं तू सांग.

तुम्ही आलात, शर्ट खुंटीला अडकवलात आणि विचारलंत, कार्बन पेपर हाय का. मध्ये सहा महिने गेले होते. घरी काय केलंत म्हणून एकीनं विचारलं तर म्हणालात, आराम केला.

पुढं कितीतरी वर्षं मी तुमच्यापासून दहा फुटांवर बसून काम केलं. रोज सांगता आलं असतं. सुरुवातीला वाटायचं, जरा दिवस जाऊ देत. मग वाटायला लागलं, आता इतक्या उशिरा सांगितलं तर आधी का सांगितलं नाही हाच मोठा गुन्हा होईल. मग तुम्हीच एका दुपारी म्हणालात, "डाय करायला शिकतीस का? माझं डोळं आता बारीक कामाला ऱ्हायलं न्हाईत." त्यानंतर तर ते आणखीच अवघड झालं. ज्या बाईमुळं तुमचं काम गेलं तिलाच तुम्ही ते काम शिकवत होतात. तुम्हाला माहीत होतं का नव्हतं, दोन्हीकडून मला तोंड उघडता येत नव्हतं.

तुम्ही चांगले शिक्षक नव्हता, आण्णा. हे मला इथं लिहिलंच पाहिजे. काय चुकलं ते सांगायचा नाहीत, नुसतं परत द्यायचात. पहिली पूर्ण डाय मी केली ती वाडीच्या एका दुकानदारासाठी, दत्ताच्या फोटोच्या कव्हरची. चार वेळा तुम्ही ती कार्बनवर दाबलीत, कागद उजेडात धरलात आणि काही न बोलता डाय माझ्या बाकड्यावर आणून ठेवलीत. चौथ्या वेळी मी भांडले. सांगा तरी कुठं चुकलं ते. तुम्ही म्हणालात, कागद बघ की, त्यो सांगतोय. पाचव्या वेळी तुम्ही कागद घडी करून खिशात घातलात आणि डाय उचलून मशीनला लावलीत. शाबासकी म्हणून तेवढंच. मला त्या दिवशी घरी जाताना चालायला रस्ता कमी पडला होता.

आज डाय मी करते. उभ्या गल्लीत दुसरी कुणी बाई हे काम करत नाही. नवे ग्राहक आले की आधी मिस्त्री कुठं आहे विचारतात. तुम्ही असताना कुणी असं विचारलं की तुम्ही माझ्याकडे बोट दाखवायचात आणि आपल्या कामाला लागायचात. हे तुम्ही माझ्यासाठी केलंत, आणि मी तुमच्यासाठी काय केलं होतं ते वर लिहिलंच आहे.

तीन आठवड्यांपूर्वी दवाखान्यात तुम्हाला भेटले. त्या दिवशी मी ठरवून आले होते. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, हात बारीक झाले होते, पण नजर तीच. काय चाललंय विचारलंत. दूधसंस्थेच्या पासबुकांची कव्हरं, मी म्हणाले, एक सूत. "फाटंल," तुम्ही म्हणालात. मी म्हणाले, आण्णा, सांध्याची ताकद रुंदीत नसते, कडेला वितळलेल्या प्लास्टिकचा जो मणी उमटतो त्यात असते, आणि मणी एका सुतालाही तेवढाच येतो. तुम्ही म्हणालात, पाणी मणी बघून येत नाही. मग तुम्हाला हसू आलं आणि त्या हसण्याचा खोकला झाला. तुमची धाकटी मुलगी पेज घेऊन आली. मी बाजूला झाले. ती तुम्हाला चमच्यानं भरवत होती आणि तुम्ही त्यातूनही मला बोटांनी दोन सूत दाखवत होतात. मी म्हणाले, पुढच्या बुधवारी येते. बुधवारी यायची गरज राहिली नाही.

रविवारी लोक पांगल्यावर मी आक्कांजवळ जाऊन बसले. त्या आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मुली भांडी आवरत होत्या. मी त्यांना सांगितलं. डागापासून घंटागाडीपर्यंत सगळं, मध्ये काही न गाळता. त्या ऐकत होत्या आणि लुगड्याच्या काठावरून बोट फिरवत होत्या. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं, मालकाला सांगितलंस आणि ह्यांना नाही? मी म्हणाले, नाही. का, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणाले, भ्याले.

मग त्यांनी त्या सहा महिन्यांचं सांगितलं. तुम्ही आराम केला नव्हता. तुम्ही दुसऱ्याच्या रानात भांगलायला, तण काढायला, जात होतात, बायकांच्या ओळीत बसून, आणि साखर कारखाना सुरू झाल्यावर शेवटचे पंधरा दिवस उसाच्या मोळ्या ट्रॉलीत भरत होतात. उजव्या खांद्याचं दुखणं तिथलं. तो खांदा तुम्ही पुढं आयुष्यभर चोळत होतात, मी बघत होते, आणि मला वाटायचं कानस चालवून चालवून झालं असेल.

आक्का रडत नव्हत्या, आणि मलाही रडायचा हक्क आहे असं वाटलं नाही. मी विचारलं, "त्यांना कळलं होतं का, आक्का?"

"मला काय बी बोललं न्हाईत," त्या म्हणाल्या. "तुझं नाव घरात निघायचं. पोरगी हुशार हाय म्हणायचं. दुसरं काय न्हाय."

धाकटीनं ताट आणून माझ्यासमोर ठेवलं. आक्का म्हणाल्या, जेव. मी जेवले. एसटीची वेळ झाली तशी उठले. त्या दारापर्यंत आल्या. मी चप्पल घालताना, न राहवून, त्यांना विचारलं की मी सांगितलं असतं तर आण्णांनी मला माफ केलं असतं का.

आक्कांनी विचार केला. माझं मन राखायला त्या बोलणार नाहीत हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं.

"माफ केलं नसतं त्येंनी," त्या म्हणाल्या. "पर दुसऱ्या दिवशी कामाला आलं आसतं की."